तिसरी गदा

कृष्णाकाठच्या किंवा माणदेशातील कोणत्याही गावी यात्रेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आपण गेलात, तर देवळापुढील गर्दी ओसरून हळूहळू गावाबाहेरच्या मैदानाकडे वळू लागलेली आपणांस दिसेल. हलगी कडाडू लागते. तेल, ताक व हळद घालून मळलेल्या तांबड्या मातीचा हौदा आदल्या दिवशीच तयार झालेला असतो. प्रथम लहान मुलांच्या रेवडीच्या कुस्त्या लागतात. मग इनामाचे आकडे चढत जातात, आणि दिवस मावळतीला टेकला म्हणजे पहिल्या नंबरची जोड हौद्यात उतरते. या साऱ्या वेळात मैदानाच्या कडेला बसलेली जुनी माणसे एकच चर्चा करीत असतात. यंदा महाराष्ट्र केसरीची गदा कोणाची? आणि एखाद्या मल्लाने लागोपाठ दोन वर्षे गदा मारलेली असली, तर त्या चर्चेला विशेष धार येते. हा तिसरी मारील काय?

आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे. जो मल्ल आज सर्वांना भारी पडतो तो पुढील वर्षी व त्याच्याही पुढील वर्षी तसाच भारी पडेल, अशी आशा धरण्यास आधार किती असतो? मी स्वतः मल्ल नव्हे. तरुणपणी तालमीत चार जोर व दहा बैठका मारल्या असतील, तेवढीच माझी कुस्ती. माझे आयुष्य खडू हाती धरून मुलांना अंकगणित शिकविण्यात गेले. तेव्हा वस्तादाच्या नजरेने नव्हे, तर शाळामास्तराच्या नजरेने मी या प्रश्नाकडे पाहणार आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

प्रथम आपल्या भागाविषयी थोडे बोलले पाहिजे. सातारा व सांगली ही आज दोन जिल्ह्यांची नावे आहेत. परंतु १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग तोडून दक्षिण सातारा हा जिल्हा करण्यात आला, व १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. मातीच्या दृष्टीने पाहिले तर ही एकच भूमी होय. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक दिले. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६२ साली, जाकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाल्या. शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर व मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने हे दोघे तेथे गेले, आणि दोघांनीही प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य अशी पदके आणली. एका जिल्ह्यातील दोन खेड्यांनी एका वर्षात चार पदके देशाला द्यावीत, हा विक्रम लहानसहान नव्हे. विक्रमाचे वर्ष कशाला म्हणावे हे आपल्या भागाला कोणी शिकविण्याची गरज नाही, एवढेच मला यावरून सुचवावयाचे आहे.

आता गदेकडे वळू. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. महाराष्ट्र केसरी हा किताब १९६१ साली प्रथम लढला गेला. तेव्हाच्या औरंगाबाद येथे झालेल्या त्या स्पर्धेत सांगलीचे दिनकर दह्यारी विजयी झाले, म्हणजे या मालिकेचा श्रीगणेशाच आपल्या जिल्ह्याच्या हातून झाला. आज या स्पर्धेचे दोन विभाग असतात. एक मातीवरचा व दुसरा गादीवरचा. दोन्ही विभागांचे अजिंक्य मल्ल शेवटी एकमेकांसमोर येतात, आणि त्यांतून जो तरतो त्याच्या खांद्यावर चांदीची गदा ठेवली जाते.

आता जरा यादी पाहा. १९६४ व १९६५ अशी दोन वर्षे सांगलीचे गणपतराव खेडकर महाराष्ट्र केसरी झाले. १९६६ साली किताब दीनानाथ सिंह यांच्याकडे गेला. १९६७ व १९६८ साली चंबा मुत्नाळ यांनी तो जिंकला. १९६९ साली हरिश्चंद्र बिराजदार पुढे आले. १९७० व १९७१ साली दादू चौगुले यांनी बाजी मारली. १९७२ साली लक्ष्मण वडार यांनी किताब घेतला, १९७३ सालीही राखला, आणि १९७४ साली तो युवराज पाटील यांच्या हाती गेला. त्यानंतर तर सुमारे पस्तीस वर्षे दोन वर्षे लागोपाठ जिंकणेही कोणास साधले नाही. मग खानापूर तालुक्यातील भाळवणीचे चंद्रहार पाटील यांनी २००७ साली गदा घेतली, व २००८ साली खुद्द सांगलीत, आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्यांदा घेतली. तेव्हा विटा, पलूस, तासगाव या बाजूच्या प्रत्येक पारावर तिसऱ्या गदेची भाषा सुरू झाली. २००९ साली पुण्याजवळ सांगवीस स्पर्धा झाली. गदा विकी बनकर यांच्या खांद्यावर गेली.

असे एकूण पाच मल्ल तिसऱ्या दारापर्यंत आले, आणि पाचांच्याही बाबतीत ते दार बंदच राहिले. याचे कारण लोक निरनिराळ्या प्रकारे सांगतात. कोणी म्हणतो दृष्ट लागली, कोणी म्हणतो ग्रह फिरले, कोणी म्हणतो डोक्यात वारे शिरले. यांपैकी शेवटचे कारण मला विशेष अन्यायाचे वाटते. माणूस हरला की तो गर्वाने हरला असे म्हणण्याची आपली जुनी खोड आहे. म्हणून मी शाळेतील फळा डोळ्यांपुढे आणून एक साधे उदाहरण सोडविले. ते आपणांपुढे मांडतो.

समजा, एक मल्ल असा आहे की त्याच्या तोडीच्या स्पर्धेत तो दहा कुस्त्यांपैकी नऊ जिंकतो. याहून भारी मल्ल आपण सहसा पाहत नाही. आता गदेपर्यंत पोहोचण्यास त्याला पाच कुस्त्या जिंकाव्या लागतात असे धरू. एक हरली की त्या वर्षाचा खेळ आटोपला. तर अशा शंभर मल्लांपैकी पहिली कुस्ती नव्वद जिंकतील, दुसरी त्यांतील एक्क्याऐंशी जिंकतील, आणि असे करीत पाचवी कुस्ती संपेपर्यंत एकोणसाठ उरतील. म्हणजे दहांत नऊ जिंकणाऱ्या मल्लालाही एका वर्षीची गदा मिळण्याचा संभव निम्म्याहून थोडाच अधिक. तीन वर्षे म्हणजे पंधरा कुस्त्या. पंधरावी संपेपर्यंत शंभरांतील वीस-एकवीसच शिल्लक राहतात. दहांत आठ जिंकणारा मल्ल घेतला, तर शंभरांतून तीनचारच तरतात. यात ग्रहाचा किंवा गर्वाचा काही संबंध नाही. शुद्ध गुणाकार आहे. तेव्हा तिसऱ्या वर्षी जो पडला त्याला नावे ठेवण्याऐवजी दोन वर्षे जो टिकला त्याचे आश्चर्य करावे, हे अधिक न्यायाचे होईल.

परंतु या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि तीच माझ्या भाषणाचा खरा मुद्दा आहे. दहांत नऊ याऐवजी वीसांत एकोणीस कुस्त्या जिंकणारा मल्ल घ्या. फरक केवढा? वीस कुस्त्यांत एका कुस्तीचा. पण पंधरा कुस्त्यांच्या अखेरीस शंभरांतील वीस नव्हे, तर शेहेचाळीस मल्ल उभे राहतात. एवढ्याशा सुधारणेने तिसऱ्या गदेचा संभव दुपटीहून अधिक वाढतो. आता ही एक कुस्ती कोठून येते? ती नव्या डावातून क्वचितच येते. ज्याने दोन गदा मारल्या त्याला ढाक, घिस्सा, एकलंगी, मोळी हे डाव नव्याने शिकवावयाचे नसतात. ती येते दुखरा गुडघा बरा होण्यातून, पोटभर खुराकातून, वेळेवर मिळालेल्या विश्रांतीतून. आणि या तिन्ही गोष्टी एकट्या मल्लाच्या हाती नसतात.

याच्या पुष्टीसाठी मी आपणांस क्षणभर जपानात नेतो. तेथे सुमो नावाची कुस्ती आहे. मातीच्या ओट्यावर गवताच्या दोरखंडाचे वर्तुळ आखलेले असते. जो त्याच्या बाहेर गेला, किंवा ज्याच्या तळपायाखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला लागला, तो हरला. १९५८ सालापासून तेथे वर्षातून सहा स्पर्धा होतात, प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवसांची असते, आणि वरच्या श्रेणीतील मल्ल रोज एक कुस्ती खेळतो. म्हणजे वर्षाच्या नव्वद कुस्त्या. ज्याचे विजय सर्वांत अधिक त्याला त्या स्पर्धेचा करंडक. एक कुस्ती हरली म्हणून स्पर्धेतून कोणी बाहेर जात नाही. आपल्याकडे तीन वर्षांच्या तीन गदांना मी ज्या पंधरा कुस्त्या धरल्या, तेवढ्या तेथे एका पंधरवड्यात होतात.

मंगोलियाहून जपानात आलेल्या असाशोर्यू या मल्लाने २००५ साली वर्षातील सहाच्या सहा स्पर्धा जिंकल्या. तसे पूर्वी कोणी केलेले नव्हते. नव्वदांपैकी चौऱ्याऐंशी कुस्त्या त्याने मारल्या. पुढे २००९ साली दुसरा मंगोलियन मल्ल हाकुहो याने त्यालाही मागे टाकले, आणि नव्वदांपैकी शहाऐंशी कुस्त्या जिंकल्या. पण गंमत अशी की या अधिक विजयांच्या वर्षी त्याच्या वाट्याला करंडक आले तीनच. उरलेल्या तीनही स्पर्धांत तो बरोबरीने अग्रभागी होता, परंतु बरोबरी सोडविण्याच्या जादा कुस्तीत हरला. वर्षभर सर्वांत भारी असणे ही एक गोष्ट, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेली कुस्ती मारणे ही दुसरी गोष्ट होय. विक्रमाची वही या दोन गोष्टींचा हिशेब निरनिराळ्या पानांवर ठेवते. आपली महाराष्ट्र केसरी ही पूर्णपणे दुसऱ्या पानावरची आहे. येथे एक दिवस चुकला की वर्ष गेले.

जपानातीलच जुनी गोष्ट याहून बोलकी आहे. फुताबायामा नावाचा थोर मल्ल १९३६ च्या जानेवारीपासून एकही कुस्ती हरला नव्हता. त्या काळी वर्षातून दोनच स्पर्धा होत, त्यामुळे त्याच्या लागोपाठ एकोणसत्तर विजयांना तीन वर्षे लागली. हा विक्रम अद्यापि कोणी मोडलेला नाही. हाकुहो २०१० साली त्रेसष्टापर्यंत आला, आणि तेथेच थांबला. या फुताबायामाचा उजवा डोळा लहानपणापासून जवळजवळ निकामी होता, आणि ही गोष्ट त्याने आपल्या कुस्तीच्या काळात उघड होऊ दिली नव्हती. एवढा मल्ल अखेर १९३९ च्या जानेवारीत अकिनोउमी नावाच्या तरुण मल्लाकडून हरला. पण त्याच्या आदल्या वर्षी काय झाले होते पाहा. मांचुरियाकडे मल्लांचा खेळ करीत दौरा गेला होता, त्यात त्याला आमांशाचा विकार जडला, आणि त्याचे वजन पुष्कळ घटले. शरीर पुरते सावरण्यापूर्वीच तो आखाड्यात उतरला. मालिका तुटली ती टोकियोत, हे खरे. पण तिचा धागा विरला होता दौऱ्यात.

हेलसिंकीची हकीगतही याच जातीची आहे. १९५२ साली खाशाबांच्या गटात सुवर्णपदक घेतले ते इशी शोहाची या जपानी मल्लाने. त्या स्पर्धेतील जपानचे ते एकमेव सुवर्णपदक. इशींशी खाशाबांची दीर्घ लढत झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्ह यांच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये जो विसावा मिळावयास हवा होता तो मिळाला नाही, आणि तो मागून घेण्यास आपला कोणी अधिकारी त्या वेळी जवळ नव्हता, असे सांगतात. खाशाबा दमलेल्या अंगाने उभे राहिले, आणि ती लढत हरले. तिकडे जाण्यासाठी गोळेश्वर व कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी केली होती, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते. म्हणजे पैसा गावाने उभा केला, कुस्ती मल्लाने केली, आणि उणा पडला तो अर्ध्या तासाचा विसावा.

श्रोतेहो, आता मी आपल्या यात्रांकडे परत येतो. मल्लाचे पोट मुख्यतः मैदानावर चालते. दूध, तूप, बदामाची थंडाई, मांस यांचा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नसतो. दिवाळी झाली की मैदाने सुरू होतात. पुसेगावी सेवागिरी महाराजांची यात्रा, मग माघ, मग चैत्र-वैशाखातील ग्रामदैवतांच्या यात्रा. कुंडलसारखी नामांकित मैदाने निराळीच. ज्याच्या नावापुढे केसरी लागला त्याला सर्वत्र मागणी. प्रत्येक गावाला वाटते की केसरी आपल्या हौद्यात उतरावा, आणि नुसते दर्शन देऊन जाऊ नये, तर निकाली कुस्ती करावी. इनाम मोठे असते, ते नाकारणे परवडत नाही. शिवाय मैदानावरची कुस्ती चितपटीची, स्पर्धेतील कुस्ती गुणांची व घड्याळाची. तिकडे पाऊण तास झुंजण्याची सवय, इकडे सहा मिनिटांत निकाल. अशा रीतीने जो काळ मल्लाने स्पर्धेच्या तयारीला द्यावयाचा, तो आपण त्याच्याकडून यात्रेसाठी घेतो. फुताबायामाचा दौरा एकदा गेला. आमच्या मल्लांचा दौरा दरवर्षी निघतो.

या बाबतीत मी दुसऱ्यांनाच दोष देत आहे असे आपणांस वाटू नये, म्हणून स्वतःची एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते आपल्या भागातील कोणतेही गाव असू शकेल. माझा एक जुना विद्यार्थी होता. अपूर्णांक त्याला कधी आले नाहीत, पण दुहेरी पट असा काढी की समोरचा आकाशाकडे पाहत राही. जिल्ह्याची निवड चाचणी महिन्यावर आली होती, आणि त्याच्या उजव्या गुडघ्याला पट्टी होती. त्याच्या वस्तादांनी यात्रा कमिटीला कळविले होते की, पोरगा यंदा लढणार नाही, फेटा बांधून घेईल व निघेल. पण मैदान भरले, हलगी लागली, पलीकडच्या गावचा मल्ल लंगोट कसून हौद्याभोवती फिरू लागला, आणि लोक ओरडू लागले. पोरगा माझ्याशेजारी बसला होता. त्याने विचारले, “मास्तर, काय करू?” मी त्याचा गुडघा पाहिला होता. तरीही मी म्हणालो, “गावाचा मान राख.”

त्याने मान राखला. अर्ध्या तासाने समोरचा मल्ल चीत झाला, लोकांनी याला खांद्यावर घेतले, आणि त्याचा उजवा पाय खाली लोंबकळत होता हे मी व त्याच्या वस्तादांनीच पाहिले. निवड चाचणीला तो गेला नाही. पुढेही गेला नाही. आज तो गावच्या दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहितो. मी दूध घालावयास गेलो म्हणजे उठून उभा राहतो, खुर्ची देतो, आणि त्या दिवसाविषयी चकार शब्द काढीत नाही. तो महाराष्ट्र केसरी झाला असताच असे मी म्हणत नाही. गुणाकार मी आत्ताच आपणांस सांगितला आहे. पण त्याचा जो काही संभव होता, तो एका संध्याकाळी मी त्याच्याकडून मागून घेतला. आयुष्यभर मुलांची चुकलेली उत्तरे खोडली. हे एक उत्तर माझे स्वतःचे चुकले, आणि ते खोडता येत नाही.

तिसरी गदा अशक्य आहे काय? नाही. पन्नास वर्षांच्या प्रतीक्षेनंतर ती मिळाली. मुंबईचे नरसिंग यादव यांनी २०११, २०१२ व २०१३ अशी लागोपाठ तीन वर्षे गदा जिंकली, आणि ते पहिले त्रिवार महाराष्ट्र केसरी ठरले. लक्षात ठेवण्यासारखे हे की, त्यांचा आंतरराष्ट्रीय गट चौऱ्याहत्तर किलोचा, आणि येथे ते त्याहून कितीतरी वजनदार मल्लांशी लढत होते. लगोलग २०१४, २०१५ व २०१६ साली जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव भागाचे विजय चौधरी यांनीही तोच पराक्रम केला. जे अर्धशतकात कोणास साधले नाही ते सहा वर्षांत दोघांना साधले. मनुष्याचे बळ एकाएकी दुप्पट झाले असे तर म्हणता येत नाही. मग बदलले काय? नरसिंग यादव यांची तयारी कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात झाली. विजय चौधरी यांनी पुण्याच्या तालमीत राहून मेहनत केली. गादीचा सराव, ठरलेला आहार, दुखापतीवर उपचार, आणि वर्षाच्या मध्यभागी कोणती कुस्ती धरावी व कोणती सोडावी हे सांगणारा कोणी जाणता माणूस, या गोष्टी आता मल्लाभोवती उभ्या राहू लागल्या आहेत. माझ्या उदाहरणातील ती वीसांतील एक कुस्ती येथून येते, अशी माझी समजूत आहे.

चौथी गदा अद्यापि कोणाच्या वाट्याला आलेली नाही. ती कोणी मारील काय, याचे उत्तर फळ्यावर सुटणारे नाही. परंतु मारली तर ती मोजावी कशी, हा प्रश्न मात्र आपण उगीचच ओढवून घेतला आहे. २०२५ साली महाराष्ट्र केसरी या एकाच नावाने दोन स्पर्धा झाल्या, एक फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे व दुसरी मार्चमध्ये कर्जत येथे. दोन्हींकडचे मल्ल घाम गाळूनच जिंकले, त्यांच्याविषयी कोणी उणा शब्द काढू नये. पण एका वर्षाचे दोन केसरी झाले की विक्रमाची वही पुसट होते. जो मल्ल बारा महिने अंग मोडून घेतो, त्याला आपण निदान एक निर्विवाद आखाडा तरी दिला पाहिजे. मोठ्यांच्या भांडणाची किंमत मल्लाने द्यावी, हे कोणत्याही तालमीच्या रीतीत बसत नाही.

एका गोष्टीने मात्र मन प्रसन्न होते. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली, आणि कल्याणच्या वैष्णवी पाटील यांच्यावर मात करून सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी मानाची पहिली गदा घेतली. १९६१ साली पुरुषांच्या वहीत पहिले नाव सांगलीचे पडले, बासष्ट वर्षांनी मुलींच्या वहीतही तसेच घडले. मुलींची वही अजून बरीच कोरी आहे. त्यांच्या बाबतीत तरी आपण जुन्या चुका पुन्हा करू नयेत.

म्हणून शेवटी थोडकी विनंती करतो. यात्रा कमिटीने मोठे इनाम जरूर लावावे, पण त्यातील काही भाग आपल्या गावच्या मल्लाला वर्षभराच्या खुराकासाठी द्यावा, आणि त्याच्या बदल्यात कुस्ती मागू नये. स्पर्धा जवळ आली असता गावच्या मल्लाला मैदानातून मोकळे करावे. वस्ताद ‘नाही’ म्हणाले की ते शेवटचे समजावे, मग हलगी कितीही कडाडो. आणि ज्या मल्लाच्या गुडघ्याला पट्टी आहे त्याने आपल्याकडे वळून “काय करू?” असे विचारले, तर आपले उत्तर आधीच ठरलेले असावे. त्याला म्हणावे, “बाळ, घरी जा. पाय वर घेऊन नीज. गावाचा मान कोठे पळून जात नाही.”

पुढच्या यात्रेला मी जाणार आहेच. हलगी ऐकल्यावर या वयातही पाय घरात ठरत नाहीत. फक्त या वेळी ओरडणाऱ्यांच्या रांगेत मी नसेन.